वरच्या काकांची राखीव खोट

दोष शोधणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, आणि त्यातली निम्मी तरी आमच्या सोसायटीच्या मीटिंगला येतात. पण दोष जपणारा, त्याची निगा राखणारा, पाहुण्यांना तो नीट दिसावा म्हणून त्यांना हाताला धरून तिथपर्यंत नेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या डोक्यावर राहतो. म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर. आमच्या घरात त्यांना 'वरचे काका' म्हणतात. हे नाव त्यांच्या कानावर गेलेलं आहे आणि ते त्यांना अजिबात जड झालेलं नाही.

वरच्या काकांनी सारी नोकरी चाकणच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात काढली. तिथं मिळवलेलं सगळं ज्ञान त्यांनी मला जिन्यात, गच्चीवर आणि एकदा स्मशानातून परत येताना सांगितलेलं आहे. "ऑडिटवाला आला की त्याला एक छोटी खोट सापडू द्यायची. तो बिचारा खोट शोधायला एवढ्या लांबून आलेला असतो. त्याला मोकळ्या हातानं पाठवलं तर अपमान वाटतो. मग तो हट्टाला पेटतो आणि मोठी शोधून काढतो." म्हणून ऑडिटच्या दिवशी ते म्हणे भिंतीवरची एक पाटी मुद्दाम तिरकी टांगायचे. साहेब ती पाहायचा, खूश व्हायचा, लिहून घ्यायचा आणि जेवायला जायचा.

निवृत्तीनंतर काका घरी बसले आणि घराचं ऑडिट सुरू झालं. काकूंनी केलेले पोहे ते खिडकीपाशी नेऊन उजेडात निरखू लागले. काकूंनी थोडे दिवस सोसलं आणि मग शांतपणे सांगितलं, "एक तर तुम्ही बाहेर पडा, नाहीतर मी पडते. मी पडले तर उद्याचे पोहे कोण करणार, तेवढं तपासून ठेवा." काका चप्पल घालून निघाले ते थेट गल्लीच्या टोकाला, महापालिकेच्या प्राथमिक शाळेत. त्यांचा मुलगा तिथंच शिकला होता, म्हणजे तिथला माल त्यांनी घरी वापरून पाहिलेला होता.

शाळेवर तेव्हा संकट होतं. पहिलीला मुलं मिळेनात. जूनपर्यंत वर्ग भरला नाही तर पहिली उचलून हायवेपलीकडच्या शाळेत नेणार, असं वरून कळलं होतं. आणि तो हायवे ओलांडताना आमच्यासारखे घोडेही घाबरतात. शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी गल्ली 'मोठ्या बाई' म्हणते, उन्हातून दारोदार फिरत होत्या. लोक त्यांना पाणी देत, सरबत देत, मुलं देत नसत. काका म्हणाले, "बाई, माल घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात जायचं नसतं. गिऱ्हाइकाला बोलवायचं आणि प्लँट दाखवायचा."

त्या शनिवारपासून शाळेत पालकांच्या फेऱ्या सुरू झाल्या. फाटकापासून वर्गापर्यंत काकांनी दोन पिवळे पट्टे मारले आणि पाहुण्यांनी पट्ट्यांच्या मधूनच चालायचं, असा दंडक घातला. का, हे कुणी विचारलं नाही. आमच्या भागातली निम्मी माणसं कंपनीत जातात. पिवळा पट्टा दिसला की त्यांचे पाय आपोआप सरळ होतात. शाळेचं कुत्रंसुद्धा पट्ट्याबाहेर बसू लागलं. शाळेच्या घंटेला काका 'भोंगा' म्हणत, पहिलीच्या वर्गाला 'इनपुट' आणि चौथीला 'डिस्पॅच'. मधल्या सुट्टीची खिचडी आधी स्वतः खात, मग पालकांना खायला लावत आणि ते घास गिळेपर्यंत त्यांच्या गळ्याकडे बघत. या फेऱ्यांत मीही असे. माझं काम काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "काही बोलू नका. नुसते मागे उभे राहा. तुम्हाला चष्मा आहे."

एकदा रंगात येऊन त्यांनी तिसरीच्या वर्गाचं दार उघडलं आणि वाकडहून गाडीनं आलेल्या एका आईला म्हणाले, "उचला कुठलाही पीस. सॅम्पल तुमच्या पसंतीचं." त्या बाईंनी दोन वेण्यांची एक मुलगी निवडली आणि गोड आवाजात विचारलं, "बाळा, सतराचा पाढा येतो?" मुलगी उठली. म्हणाली, "येतो. पण आधी तुम्ही म्हणा, चुकलात तर मी सांगते." त्या बाईंना एकाएकी गाडी कुठं लावली आहे ते आठवलं. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. काका मात्र दिवसभर खुशीत होते. "फायनल इन्स्पेक्शन असं पायजे!"

आणि सगळ्यांत शेवटी नळ. अंगणातल्या हौदाला एक नळ होता, तो ठिबकायचा. खाली बादली, बादलीतलं पाणी शेजारच्या जास्वंदीला. ही काकांची राखीव खोट. पालक तिथं पोचले की काका दुसरीकडे बघत. कुणीतरी म्हणेच, "हा नळ गळतोय हं तुमचा." काका दचकल्यासारखं करत, "अरेच्चा! तुमच्या लक्षात आलं?" म्हणत, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचं समाधान पसरे. अखेर एकदा दुरुस्तीला माणूस आला, तर काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. मोठ्या बाई संतापल्या. "अहो, याच्यासाठी मी किती अर्ज केले!" काका म्हणाले, "बाई, नळ नीट झाला की त्यांची नजर छताकडे जाईल. बघा, चालेल का?" बाईंनी वर पाहिलं. विषय मिटला.

पण काकांच्या या व्यवस्थेत एक गळती अशी होती, की तिच्याखाली बादली ठेवता येत नव्हती. खिचडी खाऊन, नळ सापडून, सगळं झाल्यावर फाटकाशी कुणीतरी एक प्रश्न विचारायचंच. आमच्या गावठाणातल्या एक आजी, ज्यांच्या जमिनीवर आता उंच इमारती उभ्या आहेत, नातवाला घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "समदं ब्येस हाय वो. खिचडीबी ग्वाड हाय. पन तुमची नात औंदा पहिलीलाच हाय न्हवं? ती कुटं जानार?"

काका म्हणाले, "ऑडिट बाकी आहे, आजी."

"मंग आमीबी थांबतो की. तुमचं झालं की सांगा."

आजी थांबल्या म्हणून त्यांची भावकी थांबली, भावकी थांबली म्हणून त्यांचे भाडेकरू थांबले. पहिलीचा अख्खा वर्ग काकांच्या नातीपाशी येऊन अडला. ती आईबापांबरोबर पुनावळ्याला बाराव्या मजल्यावर राहत होती आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. काकांनी मुलाला फोन केला. मुलगा म्हणाला, "मला चालेल बाबा, पण तिला बघू दे." ती म्हणजे सून. सून सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कामाचं स्वरूप: दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधणे.

सून रविवारी शाळा बघायला येणार असं ठरलं आणि काकांचा धीर सुटला. आयुष्यभराचं तत्त्व त्यांनी एका सकाळी गुंडाळून ठेवलं. आदल्या दिवशी त्यांनी फळे काळे केले, कुत्र्याला आंघोळ घातली आणि स्वतः पाना घेऊन तो नळ आवळला. मी म्हटलं, "काका, खोट?" माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरच्या माणसाला खोट दाखवतात होय?"

सून आली, मागोमाग मुलगा आणि नात. सुट्टी असूनही मोठ्या बाई हजर होत्या. पिवळ्या पट्ट्यातून चालली, वर्ग पाहिले, हौद पाहिला. प्रत्येक ठिकाणी तिचं कपाळ थोडं अधिक आक्रसत गेलं. शेवटी म्हणाली, "बाबा, सगळंच कसं नीट आहे? आमच्याकडे काहीच सापडलं नाही, तर आपणच नीट बघितलं नाही असं धरतात." आणि ती पुन्हा पहिल्यापासून निघाली. या खेपेला तिनं छत पाहिलं. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी लावून पाहिली, ती हातात आली. ग्रंथालय म्हणजे एक कपाट आहे आणि त्याची किल्ली सुट्टीवरच्या गुरुजींकडे आहे, हेही तिनं काढलं. काका मागून चालत होते, आणि पट्ट्याबाहेर पाय पडतोय हेसुद्धा त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

मुलगा तोवर लेकीला घेऊन हौदापाशी उभा होता. "इथं एक ठिबकता नळ आहे," तो तिला सांगत होता, "खाली हात धरायचा आणि थेंब मोजायचे. मी मधल्या सुट्टीत हेच करायचो." पोरीनं तळहात पुढे धरला. बराच वेळ धरला. मग काकांकडे वळून म्हणाली, "आबा, तुमचा नळ बिघडलाय."

काकांचा हात खिशात गेला. पाना खिशातच होता. पण सून बघत होती.

जाताना ती त्यांच्याजवळ आली. "शाळा वाईट नाही, बाबा. बाई तर मला फार आवडल्या. पण पुनावळ्याहून हिला रोज इथं कोण आणणार?"

"मी आहे की."

"तुमच्या स्कूटरवर? तो हायवे ओलांडून?"

ज्या हायवेसाठी काकांनी एवढा सगळा घाट घातला होता, तोच मधे येऊन पडला.

नात आता पुनावळ्याच्याच एका मोठ्या शाळेत जाते. तिथं घोडा आहे म्हणतात. मला वाटलं, काका आता पुन्हा पोह्यांकडे वळणार. पण त्या रविवारनंतरच्याच शनिवारी ते फाटकावर हजर होते. गावठाणातल्या आजी, त्यांची भावकी, भाडेकरू, सगळी वरात आली होती. आजींनी पट्ट्यात पाय ठेवण्याआधीच विचारलं, "झालं का वो तुमचं आडीट?"

"झालं," काका म्हणाले. "माझी नात इथं येणार नाही. शाळेत एवढी एक खोट आहे, आधीच सांगून ठेवतो. बाकी तुम्ही बघून घ्या."

आजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. खोट सापडल्याचं ते ओळखीचं समाधान मला त्यांच्या तोंडावर दिसलं नाही; दुसरंच काहीतरी दिसलं. "आसू द्या," त्या म्हणाल्या, "माजा नातू हाय न्हवं," आणि त्याचा हात त्यांनी काकांच्या हातात दिला.

पहिलीचा वर्ग आमच्या गल्लीतच राहिला. फेऱ्या अजून चालतात. नळाकडे आता कुणी बघत नाही, कारण तो ठिबकत नाही. पाना काकांच्या खिशात असतो, पण त्यांनी तो पुन्हा नळाला लावलेला नाही. रविवारी नात आली की तिच्यासाठी ते चावी किंचित पिळतात, ती थेंब मोजते, आणि ती गेल्यावर बंद करतात. बाकीचे दिवस जास्वंदीला तांब्यानं पाणी घालावं लागतं. ते वरचे काका घालतात.