शंकरप्पांचा पोळा

देवणीचे शंकरप्पा गुळाच्या दुकानात बसून लोकांना सृष्टीच्या चालीनं जगायला शिकवत. त्या दुकानात माशा आणि उपदेश यांना तोटा नव्हता. शेजारच्या बसवंताचं छप्पर वाऱ्यानं उडालं, तेव्हा अप्पा म्हणाले, "वारं वाहणारच. आपल्या हातात फक्त आपलं मन हाय." बसवंताला वासा धरायला माणसाचे हात हवे होते, ते अप्पांनी मांडीवरून हलवले नाहीत. बायको शिवगंगा तापानं फणफणली, तर म्हणाले, "ताप येतो, जातो." ती म्हणाली, "तुमी बी जावा की, वैद्याकडं."

निजामी अमल होता. त्या वर्षीचा पोळा आला. वेशीतून पहिला जाण्याचा मान तीन पिढ्या अप्पांच्या घरच्या बैलाचा. पण त्यांच्या म्हाताऱ्या बैलानं तोरणाखाली सावली बघितली आणि तिथंच बैठक मारली. पोळ्याला बैलावर चाबूक उगारत नाहीत. अप्पांनी शेपटी ओढली, पाया पडले, शेवटी कानडीतून शिव्या दिल्या. बैल रवंथ करत राहिला. वाजंत्री दमली आणि बसवंताचा बैल बाजूनं पहिला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अप्पा उदगीरच्या तहसिलीसमोर हजर. पोळा पुन्हा भरवावा, असा अर्ज त्यांना उर्दूतून लिहून हवा होता.

अर्ज लिहिणारा म्हणाला, "अप्पा, अमावास्या तर होऊन गेली. आता चंद्राला माघारी बोलवायचं का?"

"तू लिही तर," अप्पा म्हणाले. "सरकारी हुकूम निघाल्यावर कसा येत न्हाई ते बघतो."