मिलीमीटर आणि ताईची गाडी

आमच्या रस्त्यावर त्याला खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघणार नाही. सगळे त्याला मिलीमीटर म्हणतात. जंगलातल्या पायवाटांवर हौशी मंडळी चार जाड चाकांच्या उघड्या गाड्या उडवत फिरतात ना, एटीव्ही, त्या तो दुरुस्त करतो. रस्ता संपून डोंगराची चढण लागते तिथे त्याचं गॅरेज, आणि बरोबर समोर माझं शिवणकामाचं दुकान. बावीस वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड बघत काम करतोय. तेव्हा त्याच्याबद्दल मी सांगतो ते ऐकीव नाही. जे थोडं ऐकीव आहे ते त्याच्या बायकोकडून ऐकलेलं आहे, म्हणजे जास्तच खात्रीचं.

नाव उगाच पडलेलं नाही. गॅरेजच्या भिंतीवर प्रत्येक पान्याच्या मागे त्या पान्याच्या आकाराची रेघ मारलेली. चहाचा कप टेबलाच्या कडेपासून ठरलेल्या अंतरावर. बायको म्हणते, "लग्नाच्या फोटोत आम्ही अकरा सेंटिमीटर लांब उभे आहोत. मी नाही हो मोजलं, यांनीच मोजून सांगितलं."

पण कामाला माणूस सोन्यासारखा. त्याच्या हाताखालून गेलेली गाडी दगडधोंड्यांतून पाण्यासारखी जाते, असं चालवणारे सांगतात. चालवणारेच सांगतात, कारण तो स्वतः त्या वाटेवर कधी गेलाच नव्हता. गॅरेजच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत एक चक्कर, हँडल दोनदा डावीउजवीकडे, एक ब्रेक, संपलं. वर का जात नाहीस विचारलं की म्हणायचा, "चष्मा बनवणाऱ्याला डोळे अधू असावे लागतात का?" विचारणारा याचा अर्थ लावत बसे, तोवर हा दुसऱ्या गाडीकडे वळलेला असे.

अशा माणसाला सरळ करणारी जगात एकच व्यक्ती, त्याची सात वर्षांनी मोठी ताई. या बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. मीही त्यांचा विद्यार्थी, नापास होत होत पास झालेला. अजूनही त्या दुकानात आल्या की मी कात्री खाली ठेवून उभा राहतो. निवृत्तीनंतर लोक झोप काढतात, बाईंनी मधमाश्या पाळल्या. डोंगरावरच्या सपाटीवर त्यांच्या नऊ मधपेट्या. दोन वर्षं त्या चालत वर गेल्या. मग गुडघ्यांनी संप पुकारला आणि बाई गॅरेजमध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"मला एक गाडी दे."

"ताई, तुझं वय काय?"

"तुझ्या वयात सात मिळव. येईल ना?"

त्याने एक जुनी पण धडधाकट एटीव्ही निवडली, पुढे मधाच्या पोळ्यांच्या लाकडी चौकटी ठेवायला लोखंडी जाळी बसवली, आणि पुढच्या चाकांचे हादरे झेलणाऱ्या दोन शॉकअपपाशी मांडी घालून बसला. "सगळा खेळ पुढच्या शॉकअपचा," तो मला ओरडून सांगत होता. "स्प्रिंग कडक झाली तर हात तुटतात, नरम झाली तर गाडी नाक घासते." मग स्वतः गाडीवर चढून बसला, दोनदा उड्या मारल्या, खाली उतरून स्प्रिंगची कडी आवळली, पुन्हा उड्या मारल्या आणि म्हणाला, "झकास!"

दोन दिवसांनी बाई आल्या त्या दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधून.

"हे हँडल आहे की दगड फोडायचं यंत्र?"

त्याने कड्या भरपूर सैल केल्या. चौथ्या दिवशी बाई पुन्हा हजर. "आता गाडी फार नम्र झाली आहे. उतारावर प्रत्येक दगडाला वाकून नमस्कार करते. काल नमस्कारात तीन चौकटी फुटल्या." पुढची चाकं मधाने माखली होती, आणि दहा-बारा माश्या आपला माल ओळखून मागोमाग आल्या होत्या. गॅरेजमध्ये तेल बदलून घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं तेल न बदलताच निघून गेली.

मिलीमीटर डोकं खाजवत माझ्या दुकानात आला. म्हणाला, "मास्तर, माझं माप चुकत नाही, तुला माहीत आहे."

मी म्हटलं, "माप घेतलंस कोणाच्या अंगावर?"

"म्हणजे?"

"बाईंचा कोट मी तुझ्या अंगावर मापून शिवला तर त्यांना होईल का? तुझ्या मापाच्या कोटात त्यांच्यासारखी दोन नाही तरी दीड माणसं मावतील."

टेबलावरचा माझा खडू उचलून त्याने सरळ रेषेत ठेवला आणि गेला. माझ्या आयुष्यात मी त्याला दिलेला हा पहिला आणि शेवटचा यांत्रिक सल्ला.

आता पंचाईत अशी, की माप घ्यायचं तर ताईचं वजन कळायला हवं, आणि ते विचारायची हिंमत त्याच्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर गाडीच्या सीटवर वाळूच्या चार पिशव्या दोरीने बांधलेल्या, आणि हा टेप घेऊन वाकलेला. नेमक्या तेव्हाच बाई आल्या.

"हे काय?"

"तू," तो म्हणाला. मग घाईघाईने, "म्हणजे तुझ्याऐवजी. अंदाजे."

बाईंनी गाडीला एक शांत प्रदक्षिणा घातली. वर्गात फळ्यावरच्या चुकीच्या उत्तराभोवती त्या अशाच फिरायच्या. "एक पिशवी किती किलोची?"

"वीस."

"मग ही चौथी पिशवी कोणाची?"

आत स्वयंपाकघरात त्याच्या बायकोच्या हातून काहीतरी पडलं आणि पाठोपाठ हसू ऐकू आलं. त्याने चौथी पिशवी मुकाट्याने सोडली. बाई म्हणाल्या, "वाळूपेक्षा मीच बसते. मला निदान बांधावं लागणार नाही."

मग मात्र त्याने काम शास्त्रशुद्ध केलं. आधी चारही चाकांतली हवा बघितली. पुढचा भाग जॅकने उचलून चाकं नुसती लोंबकळत ठेवली आणि जमिनीपासून सांगाड्याची उंची मोजली. मग गाडी खाली घेऊन बाईंना हेल्मेटसकट वर बसवलं, जाळीवर मधाइतक्या वजनाची पेटी ठेवली, गाडी दोनदा दाबून सोडली आणि पुन्हा मोजलं. शॉकअपला जेवढी जागा आहे तिचा साधारण तिसरा हिस्सा खाली बसायला हवा. बसला होता निम्मा. हूक पान्याने तो डावीकडची कडी एक फेरा आवळी, मग उजवीकडची एक फेरा, पुन्हा माप. बाई वर बसून स्वेटर विणत होत्या. चौथ्या मापाला आकडा जुळला.

राहिला शॉकअपच्या खालचा छोटा स्क्रू. दबलेली स्प्रिंग परत वर किती वेगाने यावी, ते तो ठरवतो. स्क्रू फिरवला की टिक टिक वाजतो; पूर्ण बंद करायचा आणि टिक मोजत उघडायचा. डावीकडचा झाला तेव्हा मी रस्ता ओलांडून बघायला गेलो. उजवीकडचा फिरवताना तो मला समजावत होता, की शिंप्याला एक बोट इकडेतिकडे चालतं, पण इथे एक टिकही चालत नाही.

त्या आठवड्यात बाईंची मनगटं बरी झाली. गाडीने नमस्कार सोडले. पण चौकटी फुटायच्या थांबल्या नाहीत.

"उजव्या बाजूच्याच फुटतात," बाई म्हणाल्या. "सहा फेऱ्या झाल्या. सहाही वेळा उजव्याच."

"तू उजव्या हाताने ठेवत असशील. घट्ट बसत नसतील."

"चढताना काही नाही. उतरताना, एकाच ठिकाणी. हँडलही तिथे उजवीकडे ओढतं."

"गाडी बरोबर आहे, ताई. वाट वाकडी असेल."

"वाट वाकडीच असते. म्हणून तर ही गाडी घेतली. तू वर ये."

"मी? गॅरेज कोण बघणार?"

"मी बघते," आतून बायकोचा आवाज आला. "जा एकदाचे!"

अखेर तो गेला. दुसऱ्या गाडीवर नाही, चालत. "चाकांकडे खालूनच बघायला लागतं," म्हणाला. खिशात टेप, कमरेला हूक पाना, गळ्यात चष्म्याची दोरी. बाई गाडीवर पुढे आणि हा मागे धापा टाकत. पहिल्या वळणापर्यंत त्याने दोनदा बुटाची नाडी बांधली, जी सुटलेली नव्हती. पुढे मला दिसले नाहीत. यापुढचं मी त्याच्याच तोंडून ऐकलं, आणि त्याने ते सांगितलं तेव्हा त्याच्या पँटचे दोन्ही गुडघे माझ्यासमोर उसवून पडले होते, त्यामुळे खोटं बोलायला त्याला फारशी जागा नव्हती.

वर पोचायला त्याला दीड तास लागला. बाईंनी चौकटी भरून गाडी उताराला लावली. अर्ध्या वाटेत एका मोठ्या झाडाची मुळं वाटेवर आडवी आली आहेत, पाठोपाठ सात-आठ, उतरत्या शिडीसारखी. तिथे मिलीमीटर झुडपात सरळ पोटावर आडवा झाला, गाल मातीला टेकवला आणि ओरडला, "ये, ताई, हळूहळू ये!"

बावीस वर्षं ज्या शॉकअपना तो हात लावत आला, ते कामावर असताना त्याने पहिल्यांदाच पाहिले. पहिल्या मुळावर दोन्ही चाकं दबली. डावं चाक दुसरं मूळ यायच्या आत परत खाली आलं. उजवं पुरतं आलं नाही. तिसऱ्या मुळाला ते आणखी आत दबलेलं राहिलं, चौथ्याला आणखी. पाचव्या मुळाला उजवीकडे दबायला काही शिल्लकच नव्हतं, आणि ठण्ण! वर पेटीत काहीतरी तुटल्याचा आवाज त्यालाही आला.

"थांब!" तो म्हणाला.

बाई उतरल्या. तो स्क्रूपाशी बसला. डावीकडचा बंद करत टिक मोजले, आठ. उजवीकडचा बंद करत मोजले, सहा. पुन्हा मोजले, सहाच. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"एकूण टिक किती?" बाईंनी विचारलं.

"चौदा."

"डावीकडे कुठून मोजलेस?"

"बंद करून... उघडत."

"आणि उजवीकडे?"

त्याने बोटाने स्क्रूवरची माती पुसली. उजवीकडच्या वेळी मला उपदेश करण्याच्या नादात त्याने स्क्रू पूर्ण उघडला होता आणि बंद करत आठ मोजले होते.

"चौदातून आठ गेले?" बाई म्हणाल्या.

"सहा," चोपन्न वर्षांचा मिलीमीटर मातीत बसून म्हणाला.

"शाब्बास. बस."

त्याने दोन्ही स्क्रू पूर्ण बंद करून आठ-आठ टिक उघडले. बाईंनी गाडी वर नेऊन मुळांवरून पुन्हा आणली, हा पुन्हा पोटावर. दोन्ही चाकं एका तालात दबली आणि एका तालात परत आली. तेव्हा तो इतका खूश झाला, की त्याने बाईंना मुळांवरून आणखी तीनदा फिरवलं. चौथ्यांदा म्हटल्यावर बाईंनी फुटलेल्या चौकटीतला मधाचा तुकडा काढून त्याच्या तोंडात कोंबला. तोंड बंद झालं, पण वासाने एक माशी त्याच्या मिशीवर येऊन बसली, आणि पुढचं वर्णन त्याने मला सांगितलं नाही. वरचा ओठ बघून मी ते ओळखलं.

हे सगळं कोणाला सांगू नकोस, असं त्याने मला बजावलं. मी पाळलं. गिऱ्हाईक सोडून कोणालाही सांगितलं नाही. बाईंनी मात्र खरंच कोणाला सांगितलं नाही. त्याच्या बायकोने आडून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मुळांनी थोडा त्रास दिला. त्याने बरोबर शोधून काढलं." बायको नंतर मला म्हणाली, "शाळेत असत्या तर ताईंनी यांना उत्तरपत्रिकेवर नापासही नसतं केलं, नुसतं 'पुन्हा कर' लिहिलं असतं."

तेव्हापासून त्याला वरची चटकच लागली. नवीन गाडीचे शॉकअप जुळवले की मालकाला म्हणतो, "चला, मुळांपाशी भेटू," आणि तास-दीड तास आधी चालत सुटतो. कोपऱ्यापर्यंतची चक्कर त्याने बंद केली. पोट चार बोटं आत गेलं आहे, हे मी मापानिशी सांगू शकतो. गाडी मात्र अजूनही स्वतः चालवत नाही. खाली झोपून जे दिसतं ते वर बसून दिसत नाही, म्हणतो.

मागच्या महिन्यात दातांच्या एक डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच गाडी घेऊन वर गेल्या होत्या. मिलीमीटर कुठे भेटणार हे त्यांना सांगितलं होतं. कसा भेटणार हे सांगायचं राहिलं. वळणावरून उतरल्या तर समोर झुडपात एक माणूस गाल मातीला टेकवून, डोळे विस्फारून निपचित पडलेला. डॉक्टरीणबाईंनी करकचून ब्रेक दाबला, धावत गेल्या आणि त्याची नाडी बघायला मनगट धरलं.

"मॅडम, मी ठीक आहे," तो हात न सोडवता, मान न उचलता म्हणाला. "पण तुमची पुढची डावी स्प्रिंग अर्धा फेरा कडक आहे."