हिराबायच्या परसातला वास

पंचायतीच्या ऑफिसात आम्ही तिघं होतो. कपाट एकच, आणि त्यालाही वाळवी. कागद साठले की ती खाऊन टाकायची. गोष्टींना वाळवी लागत नाही, त्या साठतच गेल्या. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण ओट्यावर चार माणसं बसली की म्हणतात, "गोपाळदादा, त्या वासाचं सांगा." म्हणून एकदा लिहूनच ठेवतो.

साल पासष्ट-सहासष्ट असेल. गाव समुद्राकाठचं, दातिवऱ्याच्या बाजूचं. मी शिपाई. झाडायला-खणायला लहानू, डोंगराकडच्या पाड्यावरचा वारली. आणि आमच्यावर ग्रामसेवक, त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो.

*

भाऊसाहेब देशावरचे. एस.टी.तून उतरले ते नाकाला रुमाल लावूनच. तेव्हा घरोघरी बोंबील वाळत होते, अंगणात जवळा पसरलेला. ऑफिसात येऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हा वास कसला येतोय?"

मी बाहेर जाऊन श्वास घेतला. ओट्यावरच्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं. त्यांनीही नाक वर करून बघितलं.

आत येऊन मी म्हटलं, "कुठला वास, भाऊसाहेब?"

सहा महिन्यांनी त्यांची बायको राहायला आली. तिनेही दारातच विचारलं, "हा वास कसला हो?" भाऊसाहेब म्हणाले, "कुठला वास?"

*

अशा गावात एक कोळीण वासाची तक्रार घेऊन आली, तेव्हा आम्ही हसलो.

हिराबाय तिचं नाव. आषाढ संपत आला होता. होड्या वर ओढून माडाच्या झापांनी झाकलेल्या, मासळी कुठेच वाळत नव्हती. म्हणाली, "माझ्या परसात वास येतो. मच्छीचा नाय. मच्छीचा असता तर मला कळला असता काय?"

आमचं हसू तिथेच थांबलं. तिच्या कपाळावर कुंकू होतं, आणि ते का आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिचा नवरा धर्मा आदल्या वैशाखात वादळात होडीवरून पडला. प्रेत मिळालं नाही. दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करू, असं दीर म्हणत होता. हिराबाय म्हणायची, "माणूस दाखवा, मग कपाळ पुसते."

आता परसात कुजका वास यायला लागल्यावर लोक काय बोलणार ते तिला कळत होतं.

"मेलेलं कायतरी असल, भाऊ," ती मला म्हणाली. "उंदीर, घूस, कायपण. तेवढं शोधून द्या."

भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं. तक्रारीचा विषय या रकान्यात लिहिलं, "वास."

*

लहानूचं नाक आमच्यासारखं खारवलेलं नव्हतं. साप कुठल्या बिळात आहे ते तो वासावरून सांगायचा. परसात त्याने चपला काढल्या, वाकून वाकून फिरला आणि लाकडांच्या ढिगाखालून मेलेली घूस ओढून काढली. चांगली मांजराएवढी.

हिराबायला इतका आनंद झाला की तिने लहानूला वाटीभर गूळ दिला. घूस तिने स्वतः वेशीपर्यंत नेऊन पुरली. वाटेत भेटेल त्याला दाखवत गेली. "बघा, घूस व्हती. घूस."

तिसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला वास परत आला.

मी लहानूला म्हटलं, "आणखी एक असेल."

तो म्हणाला, "दादा, घुशीला घुशीचा वास व्हता. मी तवाच बोलनार व्हतो. पन बाय लय खूश झाली."

*

मग हिराबायने शेजारच्या चार बायका बोलावल्या. जन्म मासळीत गेलेला, त्यांना नाही कळणार तर कोणाला? चौघी पेरूच्या झाडाखाली उभ्या राहिल्या. मी कुंपणापाशी होतो.

पहिली म्हणाली, "खाली कुजकं हाय, पण वर जाळी रंगवायच्या सालीचा वास हाय."

दुसरी म्हणाली, "ओल्या दोराचा गं. होडीतल्या."

तिसरी म्हणाली, "तुमाला काय कळतंय? बिडी हाय ही. भिजलेली बिडी."

आणि वाद सुरू झाला. साल की दोर, दोर की बिडी. एकमेकींच्या सासवा निघाल्या. चौथी सगळ्यांत म्हातारी. तिने तिघींचं ऐकून घेतलं, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "भांडू नका. तुमी तिघीपण बरोबर हाव. चला घरी."

त्यानंतर त्या परसात कोणी शेजारीण आली नाही.

*

भाऊसाहेबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. त्यांनी पालघरहून फिनेलचे दोन डबे आणि ब्लिचिंग पावडर मागवली. मोरीत, लाकडांखाली, पेरूच्या बुंध्याशी, सगळीकडे ओतली. परस दवाखान्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"आता येऊ दे वास," भाऊसाहेब म्हणाले.

आम्ही तिघं थांबलो. सूर्य खाली गेला. आधी फिनेलचा वास कमी झाला. मग तो येईनासाच झाला, डबा हातात उघडा असूनसुद्धा. त्याच्या जागी दुसरा आला.

भाऊसाहेबांनी एका हाताने नाकाला रुमाल लावला आणि दुसऱ्या हाताने रजिस्टरात लिहिलं, "प्रत्यक्ष पाहणी केली. वास आढळला नाही."

*

तेव्हा बोईसर-तारापूरकडे मोठी बांधकामं निघाली होती. मजुरी चांगली मिळायची. लहानूचे दोन भाऊ तिकडे गेले होते, तोही जाणार होता. पण म्हणाला, "बायचं काम होऊ दे, मंग जातो."

तीन संध्याकाळी तो परसात नुसता बसून राहिला. चौथ्या दिवशी मला हात धरून घेऊन गेला.

"हितं उभे राहा," म्हणाला. खाडीकडचं कुंपण. वास आला. थोड्या वेळाने त्याने मला पेरूखाली नेलं. वास तिथे होता, आणि कुंपणापाशी नव्हता. मग धुण्याच्या दगडाजवळ. तिथे बराच वेळ. मग मागच्या दाराशी, आणि तिथून पुढे नाही.

हिराबाय दारात उभी राहून ऐकत होती. म्हणून लहानू हळू बोलला, पण तिला ऐकू गेलं असावं.

"दादा, मेलेली वस्तू एका जागी पडून वास मारते. हा चालतो."

*

नारळी पुनवेला चार दिवस राहिले आणि हिराबायचा दीर, काळू तांडेल, ऑफिसात आला. धर्मा पडला तो त्याच्याच होडीवरून. वर्षभरात काळूचे केस पांढरे झाले होते.

म्हणाला, "मला हौस नाय, गोपाळ. पण खलाशी होडीवर चढत नायत. बोलतात, तुझ्या भावाला गती नाय. पुनवेआधी क्रिया करायलाच पायजे. हिराबायला तू सांग. तुझं ती ऐकते."

मी म्हटलं, "वास कशाचा ते सापडलं तर?"

"मेलेलं जनावर सापडलं आणि वास थांबला, तर मी गप बसतो. देवाची आण."

मला हिराबायचं कपाळ पुसलेलं बघवलं नसतं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आज लिहितो. दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या रस्त्यावर मेलेलं एक मांजर पडलेलं होतं. ते गोणपाटात घेतलं. दुपारी गाव जेवून झोपलं असताना धुण्याच्या दगडामागे खड्डा केला आणि पुरलं.

सकाळी सगळ्यांना बोलावलं. काळू, त्याचे खलाशी, त्या चौघी बायका, भाऊसाहेब. लहानूला म्हटलं, "इथे खण."

त्याने वाकून वास घेतला. माझ्याकडे बघितलं आणि माझ्यापुरतं बोलला, "दादा, ह्यो वास कालचा हाय."

"खण," मी म्हटलं.

तो खणायला लागला. मांजर वर आलं तेव्हा सगळ्यांत मोठ्याने "सापडला, सापडला" म्हणून तोच ओरडला.

*

आणि वास थांबला.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत परत येईल आणि माझी चोरी उघडी पडेल. नाही आला. पुनवेला काळूने नारळ वाहिला, खलाशी होडीवर चढले. लहानू बोईसरला कामाला गेला. भाऊसाहेबांनी रजिस्टरात "निकाली" असा शिक्का मारला.

दिवाळीनंतर एकदा पंचायतीचा कागद द्यायला हिराबायकडे गेलो. तिने बसायला पाट दिला, चहा टाकला. कपाळावर कुंकू ठसठशीत होतं. उन्हं उतरली होती.

चहा देताना म्हणाली, "भाऊ, मांजर तुमीच पुरलं ना? मी खिडकीत व्हते."

मी मान खाली घातली.

"लाजू नका. माझ्यासाठी केलंत."

"पण मग वास थांबला कसा?" मी विचारलं.

"मीच सांगितलं," ती म्हणाली. जेवण झालं का विचारावं इतक्या सहज. "पयलं भ्याले मी. मग लहानू बोलला, हा चालतो. मी दारातून बघतच व्हते, धुण्याच्या दगडाशी लय वेळ थांबतो, दारापर्यंत येतो नि पुढं येत नाय. तवा वळखलं. पाय धुतल्याबिगर घरात आला नाय कधी. मी त्याला बोलले, परसातून चोरासारखा कशाला? लोक नाक लावून बसलेत. पुढल्या दारानं ये. घरधनी हायस तू."

आतून चहासाठी आणखी एक वाटी आणायला ती उठली. पुढचं दार अर्धवट उघडं होतं, ते तिने सताड उघडलं.

"बसा, भाऊ," ती म्हणाली. "येलच आता."

मी चहा तसाच ठेवला, पायताण हातात घेतलं आणि परसदाराने घरी आलो.