खोक्याचा ताप

पंचवीस वर्षं मी घटसर्पाच्या जंतूंचं विष आणि ते अडवणारी प्रतिपिंडं यांवर संशोधन करतोय. या काळात माझे बहुतेक प्रयोग फसले, आणि प्रत्येक वेळी मी वहीत एकच कारण लिहिलं: ‘प्रतिपिंडं वाटेत गरम होऊन खराब झाली.’ फार सोयीचं कारण. गोदामवाले काही माझी वही वाचायला येत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात प्रतिपिंडांचं असंच एक खोकं भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामात दोन दिवस अडकलं. मी भांडायच्या तयारीनेच गेलो. तिथल्या एका हमालाने मला सरळ शेजारच्या लस्सीवाल्याच्या फ्रिजपाशी नेलं. ग्लासांच्या मागे माझं खोकं! त्याने ते बाहेर काढलं आणि कुणाचा ताप बघावा तसा पालथा हात त्यावर ठेवला.

“वर ‘थंड ठेवा’ लिवलंय ना, म्हणून ठेवला हितं. मधी मधी येऊन हात लावून बघत व्हतो. माल चोख हाय, साहेब. आता पुढं बिघडला, तर आमचं नाव न्हाय घ्यायचं.”

माझी वही याने कधी वाचली, देव जाणे. भांडण गिळलं, वर लस्सी प्यायलो आणि परतलो.

प्रयोग अर्थातच फसला. सवयीने वही उघडून ‘प्रतिपिंडं’ एवढं लिहिलं आणि तो पालथा हात आठवला. मग ते खोडून मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं, ‘चूक माझी.’

पेन्सिलीने.