काकांचा डावा पट्टा

भिवंडीजवळ शेलारच्या नाक्यावर सकाळी रिक्षाची वाट बघत होते, तेव्हा आमच्या होड्यांच्या क्लबच्या ग्रुपवर दोन शब्द आले. ‘काका गेले.’ त्याखाली लगेच कुणीतरी विचारलं, ‘कुठल्या नदीवर?’ विचारणाऱ्याची चूक नव्हती. धर्माकाका गेले म्हणजे पाणी बघायला गेले, असाच आमचा आजवरचा अर्थ होता. प्रत्येक सहलीच्या दोन दिवस आधी ते एकटे जाऊन नदीकाठी बसायचे, पाणी किती चढलंय, झाड कुठं आडवं पडलंय ते बघून यायचे. या वेळी मात्र ते दिघाशीच्या आपल्या घरात झोपेतच गेले होते. रिक्षा आली तरी मी बसले नाही.

त्याला आता सहा आठवडे झाले. माझ्यासारख्या मुलीनं अशा माणसाबद्दल लिहावं का, हा प्रश्न मला पडतो, कारण मी क्लबमध्ये गेले तीच मुळी त्या क्लबविरुद्ध लिहायला. माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर गेलं. वडील टपाल खात्यातून घरी आले की जयंतीची, मोर्चाची, परिषदेची पत्रकं घडी घालायला आम्ही भावंडं बसायचो. मी अक्षरं त्यांच्या मथळ्यांवरून शिकले. दहावीपर्यंत मीच ती लिहू लागले. भिवंडीत लोक बारा-बारा तास कापडाच्या लूमवर उभे राहतात आणि काहीजण रविवारी होड्या वल्हवायला जातात, हे कळल्यावर माझं डोकं फिरलं. ‘शौक कुणाचा, घाम कुणाचा?’ असा मथळासुद्धा तयार होता. फक्त तपशील हवा होता, म्हणून एका शनिवारी शेलारच्या त्या गोदामात गेले.

आत पंधरा-वीस माणसं फरशीवर दोन रांगांत बसून हवेत वल्ही मारत होती. एक नर्स, दोन लूम कामगार, पडघ्याचा एक शिक्षक, गोदाममालकाचा मुलगा. दारात ट्रकवाले उभे राहून हसत होते. त्यातला एक ओरडला, “ओ चाचा, समुंदर किधर है?” पुढं बसलेले साठीचे, काटकुळे गृहस्थ वल्हं न थांबवता म्हणाले, “आ रहा है, तू ट्रक साइड में ले.” ते धर्माकाका. मला बघून म्हणाले, “उभी काय राहिलीस पोरी? बस. उजवीकडं एक वल्हं कमी हाय.” मी बसले. तपशील गोळा करायला आलेली मी तासाभरानं घामानं भिजून घरी गेले, आणि ते पत्रक काही लिहून झालं नाही.

काकांचं आयुष्य लूमवर गेलं होतं. संपत आलेल्या बीमच्या, म्हणजे सुताच्या रुळाच्या, धाग्यांना नव्या बीमचे हजारो धागे हातानं, एकेक करून जोडायचे, हे त्यांचं काम. एक सुटला तर पुढचं सगळं कापड वाया. तीच नजर त्यांनी नदीवर आणली. शनिवारी गोदामात दोर पूर्ण उलगडून वीत-वीत तपासला जाई, शिट्ट्या वाजवून बघितल्या जात, आणि काठावर होडी पाण्यात ढकलण्याआधी एक नियम असे. आपलं लाइफ जॅकेट आपण घालायचं, पण ते नीट आहे हे आपण म्हणायचं नाही. ते दुसऱ्यानं म्हणायचं. त्यानं प्रत्येक पट्टा ओढायचा, खांद्याला धरून वर उचलायचं, आणि मग मोठ्यानं सांगायचं, “बघितलं.” गोदाममालकाचा मुलगा हात पसरून उभा असायचा आणि त्यांच्याच भाड्याच्या खोलीत राहणारा लूम कामगार त्याचा पट्टा आवळायचा. “अरे, कितना कसेगा?” “सेठ, पेट आपका है तो जान भी आपकी है.” समता या शब्दावर मी किती पत्रकं लिहिली असतील! ती उभी कशी राहते, हे मी पहिल्यांदा तिथं बघितलं. काकांचं जॅकेट तपासायचा मान मात्र कायम सगळ्यात नव्या माणसाला.

माझी ती पहिली सहल होती. पडघ्याच्या पलीकडं, भातसा नदीच्या काठावर. नवी मी होते, म्हणजे काका माझ्या वाट्याला. पण मला तेवढ्यात दोघं-तिघं श्रोते मिळाले होते. नद्यांवर हक्क कुणाचा, यावर मी रंगात येऊन बोलत होते. काका हात पसरून उभे राहिले, थोडा वेळ थांबले, मग तिथूनच म्हणाले, “पोरी, बघितलंस?” मी वळलेसुद्धा नाही. म्हणाले, “हो काका, बघितलं.”

“होड्या वर घ्या,” काका म्हणाले.

लोकांना वाटलं गंमत आहे. काकांनी जॅकेट काढून खांद्यावर टाकलं. “जो न बघता बघितलं म्हणतो, त्याच्या शब्दावर मी पान्यात जात न्हाय. कुनाला नेत बी न्हाय.” मी म्हटलं, मग आता बघते ना! “आता बघशील. पन मघाशी बोललीस त्याचं काय?” वीस माणसं न भिजताच परत फिरली.

मी पेटले होते. दोन पानांचं पत्रक काढलं, ‘शिस्तीच्या आडून हुकूमशाही’, आणि पुढच्या शनिवारी गोदामात वाटलं. काकांनी चष्मा लावून ते सगळ्यांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. अडखळत, पण एक शब्द न गाळता. मग घडी घालून खिशात ठेवलं. “झकास लिवतेस. पन माझा पट्टा लागला होता का न्हाय, ते यात कुठं हाय?”

गोदामात एवढं हसू फुटलं की मीही हसले… आणि मग एकदम रडू आलं.

पुढच्या सहलीला ते पुन्हा माझ्याच समोर हात पसरून उभे राहिले. “बघ.” मी एकेक पट्टा ओढला. डावीकडचा हातात आला. बक्कल लागलेलंच नव्हतं. मी दचकून वर बघितलं. काका मिश्किल हसले, “सापडलं का?” मला वाटलं, परीक्षा होती. पुढं दोन वर्षं प्रत्येक नव्या माणसाला डावीकडचं काहीतरी सुटलेलं सापडत राहिलं, आणि आम्ही जुने एकमेकांना डोळे मारत राहिलो. काका मुद्दाम सैल ठेवतात, हे क्लबमधलं उघड गुपित होतं.

दिवसकार्य झाल्यावर दिघाशीला गेले तेव्हा हे मी काकूंना सांगितलं, त्यांना बरं वाटावं म्हणून. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. “मुद्दाम? कोन बोललं तुला? दोन-तीन वर्सं झाली, डाव्या हाताला काय कळतच नव्हतं त्यांच्या. बोटं मेलेली. शर्टाचं बटन मी लावून द्यायची. बक्कल लागलं का न्हाय, त्यांना समजायचंच न्हाय.” मग खिडकीकडं बघत म्हणाल्या, “मी नको जाऊ म्हनायची. तर बोलायचे, बघनारी मानसं हायत.”

मी परत येताना ते वाक्य किती वेळा मनात म्हटलं, सांगता येणार नाही. ज्या बोटांना हजार धाग्यांतला सुटलेला धागा अंधारात कळायचा, ती बोटं गेल्यावर हा माणूस घरी बसला नाही. त्यानं आपला जीव दर वेळी सगळ्यात नवख्या हातात दिला, पहिल्या होडीत पुढं बसला, आणि ते कुणाला कळूही दिलं नाही. त्या दिवशी भातसेवर मी न बघता ‘बघितलं’ म्हटलं, तेव्हा तो पट्टाही बहुधा उघडाच होता.

गेल्या रविवारी काकांशिवाय पहिली सहल निघाली. पाणी बघायला दोन दिवस आधी मी गेले होते. काठावर रेश्मा नावाची नवी मुलगी माझं जॅकेट तपासायला आली. तिनं पट्टे ओढले आणि डावीकडं थांबली. कुणीतरी तिला काकांची गोष्ट सांगितली असावी. हसून म्हणाली, “ताई, हे मुद्दाम ठेवलंत ना?”

मी खाली बघितलं. बक्कल अर्धंच बसलं होतं. नदीच्या काळजीत मला ते कळलंच नव्हतं.

“न्हाय गं,” मी म्हटलं, “खरंच राहिलं होतं.”

तिचं हसू गेलं. तिनं ते टक्क आवाज येईपर्यंत दाबलं, खांद्याला धरून मला टाचांवरून उचललं, आणि साऱ्या काठाला ऐकू जाईल असं ओरडली, “बघितलं!”

काकांचं जॅकेट गोदामात दोराच्या शेजारी खिळ्यावर आहे. डावा पट्टा त्यांनी शेवटी सोडला तसाच लोंबतोय. दर शनिवारी नवीन आलेला माणूस ते जॅकेट बघतो, आणि कुणी काही सांगायच्या आधी त्याचा हात त्या पट्ट्याकडं जातो.