ट्रिआज नर्स नीलांबरी

नागपूरला नर्सिंग शिकलेली नीलांबरी अमेरिकेतल्या पार्सिपनीजवळच्या एका हॉस्पिटलात ट्रिआज नर्स होती. इमर्जन्सीत आलेल्यांपैकी आधी कोण, नंतर कोण, हे ती ठरवायची.

२००४ च्या जानेवारीत, सकाळी, बर्फावरून घसरून शाळेची बस उलटली. एकवीस जण एकदम आले आणि सर्जन एकच. नीलांबरी रंगीत चिठ्ठ्या बांधत सुटली. लाल म्हणजे आत्ता, पिवळी म्हणजे थोडं थांबेल, हिरवी म्हणजे बराच वेळ थांबेल.

मैत्रीण शोभाची चौदा वर्षांची केया मनगट धरून किंचाळत होती. हाड मोडलं होतं, पण बोटं गरम होती, म्हणजे रक्त पोचत होतं. नीलांबरीने पिवळी बांधली. तेवढ्यात शोभा धावत आली आणि तिने नीलांबरीचा दंडच धरला.

"नीलू, आधी हिला घे."

नीलांबरीने हात सोडवला. कोपऱ्यात बसचा म्हातारा ड्रायव्हर बसला होता. पोरांना आधी बघा, एवढंच तो म्हणत होता. त्याला तिने मघाशीच हिरवी बांधली होती. आता तो डावा खांदा चोळत होता, आणि खांद्यावर तर जखम नव्हती. तिने कपाळाला हात लावला. थंडगार घाम. नाडी धावत होती, पोट फळीसारखं कडक. तिने हिरवी फाडली, लाल बांधली आणि सर्जनला हाक मारली.

पोटातली प्लीहा फुटली होती; आत रक्त साचलं की कळ डाव्या खांद्यात उठते. ड्रायव्हर वाचला. केया तीन तास थांबली.

शोभाने नीलांबरीला फोन करणं बंद केलं. मार्चमध्ये मात्र स्वतःच दारात आली. केयाचा हात बरा झाला होता, शोभाचा राग गेला नव्हता.

"माणसं म्हणजे काय तांदूळ आहेत निवडायला?"

नीलांबरीने सांगितलं, शब्द खरंच तसाच आला आहे. फ्रेंचांकडे निवडण्याला ट्रिआज म्हणत. इंग्रजीत तो आधी लोकर निवडायला वापरला, मग कॉफीचे फुटके दाणे वेगळे काढले की त्यांनाच ते नाव पडलं. माणसांवर तो आला पहिल्या महायुद्धात, जखमी सैनिकांच्या रांगांत.

मग नीलांबरीने आजवर कुणाला न सांगितलेलं सांगितलं.

"मी त्याला आधी हिरवी बांधली होती गं. तू हात धरलास तेव्हा तो तिथे मरत होता, आणि मला माहीत नव्हतं."

शोभाने कोट काढला आणि ती नीलांबरीजवळ बसली.