दुपारी भात न खाणारे डायवर मामा

आमच्या भागात दुपारी भात न खाणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर परगावचा. डायवर मामा दोन्ही नव्हते. ते एसटीत ड्रायव्हर होते आणि ड्यूटी संपेपर्यंत भाताला शिवत नसत. डब्यात दोन पोळ्या आणि मिरचीची चटणी. “भात पोटात गेला का डोयावर येते,” म्हणायचे. “माही डुलकी लागली त मागच्या पन्नास लोकायनं काय करावं?” लाखांदूरला माझी राईस मिल आहे, म्हणून मला मुद्दाम ऐकवायचे, “तुह्या मालावर माहा बहिष्कार आहे वो बाई. फक्त ड्यूटीपुरता.” निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मामींनी भरदुपारी ताटभर भात वाढला. मामा जेवून आडवे झाले ते थेट दिवेलागणीला उठले.

ते माझे सख्खे मामा नव्हते, शेजारी होते. सगळा मोहल्ला त्यांना मामाच म्हणायचा. डेपोतून गाडी काढण्याआधी ते तिच्याभोवती एक चक्कर मारत, टायरवर लोखंडी दांडा आपटून आवाज ऐकत. आवाज पटला नाही तर गाडी काढत नसत, मग साहेब ओरडो की प्रवासी. निवृत्तीनंतर ही चक्कर माझ्या स्कूटरभोवती सुरू झाली. मी घाईत, आणि हे म्हणणार, “उतर. मागचं चाक बसलं आहे.” मला वैताग यायचा. चाक बसलेलं असायचं, हे खरं.

त्यांच्यावर माझा जुना राग होता. कॉलेजात असताना मी त्यांच्याच गाडीने भंडाऱ्याला पेपर द्यायला निघाले होते. अड्याळला गाडी थांबली, तिथे समोरच्या दुकानात फोन आला होता. मामांची आई वारली होती. मामांनी गाडी कडेला लावली, किल्ली काढून कंडक्टरच्या हातात दिली आणि खाली उतरून बसले. लोक चिडले. मीही चिडले. “मामा, माहा पेपर आहे. भंडारा आता आलंच न!”

“दिसून राहिलं मले, बाई. पन रस्ता दोन दिसते. दोन रस्त्यांवर गाडी कशी चालवू?”

दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत दोन तास गेले. माझा पेपर बुडाला. त्यांना कोणी कामावरून काढलं नाही, एका दिवसाचा पगारही कापला नाही, हे मला तेव्हा फार लागलं होतं.

त्यांचा मुलगा रोशन त्यानंतर जन्मला. हुशार निघाला, पायलट झाला. म्हणजे लायसन्स मिळालं, नोकरी मिळेना. विमान उडवल्याचे तास नाहीत म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून तास नाहीत. दोन वर्षं घरी बसल्यावर एका एजंटने वाट दाखवली. परदेशातली एक कंपनी पाचशे तास सहवैमानिकाच्या खुर्चीवर बसवते. विमान खरं, प्रवासी तिकीट काढलेले. फक्त पगार नाही, उलट रोशननेच कंपनीला पैसे द्यायचे.

मामांना ते समजेचना. “पायशिंजर बी पैसे देते, आन् डायवर बी देते?”

मला समजलं. मी धंद्यातली बाई. मी म्हटलं, “मामा, शाळेत मास्तर लागायलाही संस्थेला द्यावे लागतात. डॉक्टरकीला लागतात. यात नवीन काय?”

“डॉक्टर शिकायले पैसे देते. ऑपरेशन करायले देते का?” मग रोशनकडे वळून म्हणाले, “तुले एखाद्या दिवशी नाही म्हनता येईन का रे? आंग गरम आहे, आज नाही उडवत, असं?”

उत्तर रोशनने द्यायचं होतं. मी बोलले. “मामा, तुमच्या नाहीपायी माझा पेपर बुडला होता. याचं आयुष्य नका बुडवू.”

मामांनी आणखी वाद घातला नाही. भंडाऱ्याचा प्लॉट विकला. सहीच्या वेळी मीच सोबत होते.

रोशन परदेशी गेला. तिकडून त्याचा फोन आला की मामा जेवलास का, थंडी आहे का, असलं काही विचारत नसत. एकच विचारत, “आज मागं किती होते?” रोशन आकडा सांगे. एकशे साठ, एकशे बहात्तर. मामा “बरं” म्हणून फोन मामींकडे देत.

मामा गेले ते एका सकाळी, अंगणात, चहा हातात असताना. मामी म्हणाल्या, “तूच सांग वो त्याले.” मी लगेच फोन लावला. संध्याकाळी सांगता आलं असतं. सुचलं नाही.

रोशनची दोन तासांनी ड्यूटी होती. तो म्हणाला, “ताई, इथं सुट्टी पगारवाल्याले असते. मी आज उतरलो त माह्या खुर्चीसाठी दुसरा पैसे भरून उभा आहे.”

मी विचारलं, “किती तास राहिले?”

“चाळीस.”

“मग पुरे करूनच ये.”

हे मी म्हटलं. त्याने विचारलं नव्हतं.

अग्नी पुतण्याने दिला. रोशन तेरवीला पोचला. पंगती उठल्यावर तो मामांच्या खाटेवर बसला होता. मी विचारलं, “त्या दिवशी नीट गेलं न?”

“गेलं, ताई. उतरताना धावपट्टीचे दिवे दोन-दोन दिसून राहिले होते. कॅप्टननं विचारलं, बरा आहेस न? मी हो म्हटलं.”

अड्याळच्या दोन रस्त्यांची गोष्ट त्याला माहीत नव्हती. मी सांगितलीही नाही.

पुढे त्याच तासांवर त्याला इथल्या कंपनीत नोकरी लागली. चांगला पगार आहे, आजारपणाची सुट्टीही आहे. मी म्हटलं होतं तसंच झालं. मोहल्ल्यात लोक मला म्हणतात, तुम्ही होत्या म्हणून पोरगा मार्गी लागला. मी मान डोलावते आणि स्कूटर काढते. काढण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारते, ही सवय आता मला लागली आहे.

त्या दिवशी मागे किती होते, हे मी रोशनला अजून विचारलेलं नाही.